हेराल्डची वायरिंग आणि ‘ओरिजिनलसारखे’ पार्ट

आमच्या जुन्या हेराल्ड गाडीच्या मागच्या उजव्या दिव्याचा होल्डर नवा, बल्ब नवा, वायर नवी. साइड लाइट लावला की दिवा लालभडक, एकदम झक्क. आणि ब्रेक दाबला की काही नाही. आमचे हे गाडीच्या मागे उभे राहून विचारतायत, “अगं, दाबलास का?” मी आत बसून ओरडतेय, “अहो, कधीची दाबूनच बसलेय!” नीट डोळे बारीक करून पाहिलं तेव्हा ह्यांना दिसलं की ब्रेक दाबल्यावर उजेड वाढतो, पण इतका कमी की मागून येणाऱ्या रिक्षावाल्याला त्याचा पत्ताही लागणार नाही.

ब्रेक आणि टेल लाइटचा बल्ब एकच असतो, त्यात दोन तारा. २१ वॅटची ब्रेकची, ५ वॅटची टेलची. इथे त्यांची अदलाबदल झाली होती. आता हा बल्ब मुळातच असा बनवलेला असतो की तो उलटा बसू नये. त्याच्या बुडाला ज्या दोन बारीक पिना असतात त्या एका उंचीवर नसतात, एक वर, एक खाली. होल्डरमधल्या खाचाही तशाच, एक आखूड, एक लांब. मी जुना गंजका होल्डर आणि इंग्लंडहून आलेला चकचकीत होल्डर टेबलावर शेजारी ठेवले आणि चष्मा वर करून पाहिलं. नव्याच्या दोन्ही खाचा सारख्याच लांब कापलेल्या! म्हणजे बल्ब सरळही बसतो आणि उलटाही. डावीकडचा दिवा बरोबर लागत होता तो निव्वळ नशिबानं.

बल्ब काढून अर्धा फिरवून परत लावला असता तर त्या दिवशी काम भागलं असतं. पण दोन वर्षांनी दुसरं कुणीतरी बल्ब बदलेल आणि आमच्या मागे कुणीतरी धडकेल. म्हणून जुनाच होल्डर घेतला, गंज घासून काढला, आतली स्प्रिंग आणि संपर्काची चकती तेवढी नव्यातून काढून घातली. नव्या पार्टचा हा सर्वांत चांगला उपयोग, असं माझं मत होत चाललंय.

गाडी म्हणजे स्टँडर्ड हेराल्ड, १९६५ ची, दोन दारांची, माझ्या मामंजींची. ट्रायम्फ हेराल्डचा हा मद्रासी अवतार. डिझाइन मिकेलोत्ती नावाच्या इटालियन माणसाचं, कंपनी मूळची इंग्रज, गाडी बनली मद्रासला, धावली बडोद्यात. दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घराच्या चौकात ती कित्येक वर्षं ताडपत्रीखाली होती. पत्र्याचं आणि रंगाचं काम ह्यांनी अंगावर घेतलं. वायरिंग माझ्याकडे आली कारण मी मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे इथल्या औद्योगिक वसाहतीत, स्विचगिअरच्या (विजेच्या मोठ्या स्विचांच्या) कारखान्यात नोकरीभर क्वालिटी इन्स्पेक्शन केलं. कॉन्टॅक्ट, स्प्रिंग, पितळ, कॉपर हेच बघत म्हातारी झाले. घरात कुणी प्लग सैल आहे म्हटलं की मी आधी व्हर्निअर, म्हणजे बारीक मापं घ्यायची पट्टी, काढते अशी माझी चेष्टा होते. होऊ दे.

गाडीची सगळी इलेक्ट्रिकल व्यवस्था लुकासची. जगभर ह्या कंपनीवर विनोद आहेत, पण जुना लुकासचा माल हातात घेऊन पाहा. साठ वर्षांचं पितळ पॉलिश पेपरनं जरा घासलं की सोन्यासारखं निघतं आणि स्प्रिंगमध्ये अजून जीव असतो. आता जे ‘रिप्रॉडक्शन’ म्हणून मिळतं ते रूपानं हुबेहूब. बेकेलाइटचा रंग तोच, अक्षरं तीच, डबाही जुन्यासारखा. २०२३ च्या जानेवारीत लक्ष्मी विलास पॅलेसवर जुन्या गाड्यांचा मोठा सोहळा झाला तेव्हा मी तिथे बॉनेट उघडलेल्या गाड्यांच्या आत डोकावत हिंडत होते आणि तेव्हाच लक्षात आलं की बाजार कशावर चालतो. दिसायला जुनं हवं असतं. स्प्रिंगचा ताण कुणी बघत नाही, म्हणून तो कुणी बनवतही नाही.

आता मोठं प्रकरण, हार्नेस, म्हणजे गाडीतल्या सगळ्या वायरींची एकत्र बांधलेली जुडी.

संपूर्ण वायरिंग हार्नेस आपल्याच देशात एकाकडून ‘नमुन्याप्रमाणे’ करून घेतला. रंग बऱ्यापैकी बरोबर. लुकासची रंगांची भाषा एकदा डोक्यात बसली की गाडी आपोआप वाचता येते. तपकिरी म्हणजे बॅटरीकडून थेट, पांढरी म्हणजे चावी फिरवल्यावर, हिरवी म्हणजे चावीनंतर फ्यूजमधून, काळी म्हणजे अर्थ, करंटची परतीची वाट. निळ्यावर पांढरी रेघ हाय बीम, निळ्यावर लाल रेघ डिपर. हिरव्यावर लाल रेघ डावा इंडिकेटर, हिरव्यावर पांढरी उजवा. ह्या शेवटच्या जोडीची पुढच्या बाजूला अदलाबदल झाली होती, म्हणजे पुढून डावीकडे वळणारी आमची गाडी मागून उजवीकडे वळत होती. ते काय, दोन मिनिटांत निस्तरलं.

खरी गंमत हेडलाइटमध्ये. दिवे लागत होते, पण पिवळट, मरगळलेले. आमचे मिस्त्री, जे प्रतापनगरकडे ऑटो इलेक्ट्रिकचं काम करतात आणि ज्यांना मी फार मानते, ते म्हणाले, “लाइट चालू छे ने, बेन? पछी शुं जोईए?” त्यांच्या मते जुन्या गाडीचे दिवे असेच असतात. मला ते पटेना.

कारखान्यात आम्ही मिलिव्होल्ट ड्रॉप बघायचो. तेच इथे केलं, आणि ज्याच्याकडे साधा मल्टिमीटर आहे त्याला हे जमेल. दिवे चालू ठेवायचे. चालूच हवेत, कारण करंट वाहत नसेल तर सैल सांधाही मीटरवर साळसूद दिसतो. मग मीटरचं एक टोक बॅटरीच्या चालू खांबावर आणि दुसरं थेट दिव्याच्या टर्मिनलवर. मीटर जे दाखवेल तेवढे व्होल्ट वाटेत वाया जातायत. आमच्याकडे १.७ व्होल्ट आले. बॅटरीवर १२.४ आणि दिव्याला मिळतात १०.७. बल्बचा स्वभाव असा की व्होल्टेज १० टक्के घटलं की उजेड सुमारे ३० टक्के घटतो. म्हणजे आमचा जवळजवळ ४० टक्के उजेड वाटेतच सांडत होता.

मग त्याच वाटेनं एकेक सांधा. मीटरची दोन टोकं सांध्याच्या दोन बाजूंना लावायची आणि पुढे सरकायचं. स्विचवर थोडे, डिपरच्या स्विचवर थोडे, आणि रेडिएटरजवळच्या बुलेट कनेक्टरवर एकदम ०.६. बोट लावलं तर चटका बसला. आठेक अँपिअरला ०.६ व्होल्ट म्हणजे जवळपास पाच वॅट उष्णता, बोराएवढ्या जागेत!

हा बुलेट कनेक्टर म्हणजे वायरच्या टोकाला पितळेची गोळी आणि ती ज्यात घुसते ती रबराच्या कातड्यातली पितळी नळी. लुकासची गोळी ४.७ मिलिमीटर जाडीची, म्हणजे तीन-सोळांश इंच. जपानी घराण्यातल्या मोटरसायकलींची गोळी ३.९. आपल्या बाजारात दुकानदाराकडे बुलेट मागा, तो ही ३.९ चीच देतो, कारण खप तिचाच. हार्नेसवाल्यानं तीच लावली होती, आणि नळ्या मात्र ४.७ च्या पुरवल्या होत्या. गोळी नळीत पडीक भाडेकरूसारखी कशीबशी टेकून होती.

पण माझ्या हाताला हे आधी का लागलं नाही, तर ओढून पाहिलं तेव्हा वायर घट्ट होती. घट्ट धरत होतं ते वरचं रबर! रबर वायरच्या प्लॅस्टिकला गच्च पकडतं, आत पितळाला पितळ जेमतेम शिवतं. ओढून बघण्याची परीक्षा इथे फसवी आहे. रबर मागे सारून किंवा चिरून आत बघावं लागतं, नाहीतर मीटर लावावा लागतो.

शिवाय ज्या नळ्या नव्या आल्या होत्या त्यांचंही पितळ मऊ आणि पातळ. नळीला लांबीत एक चीर असते, ती गोळी आत जाताना जरा उघडते आणि मग आवळून धरते. निदान धरायला हवं. नव्या नळीत एकदा जाड गोळी घालून काढली की चीर उघडीच राहते, परत मिटत नाही. जुन्या नळीत दहादा घाला-काढा, तिचा ताण शाबूत. तेव्हा भाच्याला कामाला लावलं. तो लेस्टरला असतो, त्यानं ४.७ च्या गोळ्या पाठवल्या. नळ्या मात्र मला अहमदाबादच्या रविवारी बाजारात, नदीकाठी, एका भंगार हार्नेसच्या गुंडाळ्यात मिळाल्या. विकणाऱ्याला वाटलं मी तांब्यासाठी घेतेय.

गोळी लावण्याची जुनी पद्धत मला फार आवडते. गोळीच्या टोकाला बारीक भोक असतं. वायर सोलून तारा त्या भोकातून किंचित बाहेर येईपर्यंत आत सारायच्या, इस्त्रीचं, म्हणजे सोल्डरिंग आयर्नचं, टोक पितळाला टेकवायचं आणि कथील भोकातून आत ओढलं जाताना बघायचं. वर जो टिपका उरतो तो कानशीनं सपाट. मग नळीत बारीकशी सिलिकॉन ग्रीस आणि दोन्ही बाजूंनी पक्कडीनं दाबून आत. योग्य बसली की ‘टक्’ असा आवाज येतो. आमचा सांधा आता ०.०३ व्होल्ट दाखवतो. मिस्त्रींना बोलावून दिवे दाखवले. ते दिव्याकडे न बघता मीटरकडे बघत राहिले आणि म्हणाले, “आ मीटर केटलानुं आवे छे?” म्हणजे, हा मीटर केवढ्याला येतो?

ह्याच जागी आणखी एक भानगड होती. हेराल्डचं पुढचं धूड, बॉनेट, दोन्ही मडगार्ड, हेडलाइट सगळं एकत्र, पुढच्या बाजूला बिजागरी आणि उघडताना अख्खं पुढे झुकतं. इंजिनाच्या दोन्ही बाजूंना चाकावर बसून काम करता येतं, असलं सुख फार थोड्या गाड्यांत. पण दिवे झाकणाबरोबर हलतात, म्हणून त्यांच्या वायरला बिजागरीपाशी सैल वेढा लागतो. नव्या हार्नेसमध्ये ही शाखा वीतभर आखूड. नमुना घेताना बॉनेट बंद असणार, दुसरं काय! प्रत्येक वेळी उघडलं की वायर ताणली जायची आणि गोळी नळीतून केसभर सरकायची. तिथे मी त्याच रंगांच्या वायरचे तुकडे डाग देऊन जोडले, वर हीट श्रिंक चढवली आणि बॉनेट पूर्ण उघडून, पूर्ण मिटून वेढा कुठे घासतो ते खडूनं खूण करून पाहिलं.

स्विचच्या पात्यांची गोष्ट थोडक्यात. लुकासचं पातं ६.३ मिलिमीटर रुंद आणि ०.८ जाड. नवीन हेडलाइट स्विचची पाती व्हर्निअरवर ०.६ भरली. रुंदीला बरोबर, त्यामुळे कनेक्टर छान आत जातो, पण सैल धरतो. सगळे जण करतात तसं कनेक्टर पक्कडीनं चेपला तर काही दिवस बरं चालतं, मग तापून स्प्रिंग नरम पडते आणि पूर्वीपेक्षा वाईट. तो स्विच परत पाठवला. विकणाऱ्यानं उत्तर दिलं की आमच्याकडे अशी तक्रार पहिल्यांदाच आलीय. असेल! पातं मोजणारी बाई त्याला पहिल्यांदाच भेटली असेल.

फ्यूजबद्दल एक सांगितलंच पाहिजे, कारण इथे गाडी पेटू शकते. माझ्या गाडीत फ्यूज बॉक्स नव्हता, मी सुरक्षेसाठी नवा लावला. जुन्या लुकास काचेच्या फ्यूजवर ३५ अँपिअर लिहिलेलं असतं तो वितळण्याचा आकडा आहे. सतत वाहू द्यायचा करंट त्याच्या निम्मा, १७ अँपिअर. आपल्या दुकानातला ३५ चा काचेचा फ्यूज सतत ३५ सहन करतो. पुस्तकात ३५ वाचून दुकानातून ३५ आणला तर फ्यूजच्या आधी वायर जळेल. मी १५ चे घातले.

रंगकामानं एक वेगळाच घोळ केला. उजवा इंडिकेटर लावला की उजवा साइड लाइटही मिचमिचायचा. मी होल्डर, बल्ब, इंडिकेटर मिचकावणारा फ्लॅशर, सगळ्यांवर संशय घेऊन बसले होते. हा दोष मिस्त्रींनी पकडला, आणि मीटर न लावता. टेस्ट लॅम्पची एक शेपटी दिव्याच्या बॉडीला, दुसरी बॅटरीच्या चालू खांबाला, लॅम्प लागेना. “अर्थ नथी मळतो.” हेराल्डची बॉडी चासीवर बोल्टनं बसवलेली, आणि तिचे भागही एकमेकांना बोल्टनं. ह्यांनी प्रत्येक भाग वेगळा काढून, दोन्ही बाजूंनी, कडांवरसुद्धा इतका मन लावून रंगवला होता की प्रत्येक मडगार्ड विजेच्या दृष्टीनं एकेक बेट झालं होतं. इंडिकेटरचा करंट परतीची वाट मिळेना म्हणून साइड लाइटच्या तारेतून वळसा घालत होता. रंग खरवडायचं नाव काढताच घरात जे वातावरण झालं त्यावरून मी प्रत्येक दिव्याला वेगळी काळी वायर ओढली. कुणाचंच मन दुखावलं नाही.

कटआउट. म्हणजे आपल्याकडे मिस्त्री ज्याला कटआउट म्हणतात तो बॅटरी चार्ज करणाऱ्या डायनामोचा कंट्रोल बॉक्स, लुकास आरबी १०६. आत दोन गुंडाळ्या, एक खरं कटआउट, म्हणजे बॅटरी उलटी डायनामोत रिकामी होऊ न देणारं, दुसरी व्होल्टेज रेग्युलेटर. नवा आणला त्याची बसवायची भोकं दोन मिलिमीटर सरकलेली, ती गोल कानशीनं लांबवता आली. पण झाकण काढल्यावर दिसलं की रेग्युलेटरचे दोन कॉन्टॅक्ट समोरासमोर मिटतच नाहीत, कडेवर कड टेकतेय. सेटिंग तपासायची रीत अशी की बॉक्सच्या ‘ए’ आणि ‘ए१’ टर्मिनलच्या वायरी काढून एकमेकींना जोडायच्या, मीटर ‘डी’ आणि ‘ई’ टर्मिनलमध्ये, इंजिन हळूहळू चढवायचं आणि काटा जिथे स्थिर होईल तो आकडा बघायचा. २० अंश तापमानाला १६ ते १६.६ व्होल्ट हवेत, बडोद्याच्या उन्हाळ्यात त्याहून जरा कमी. आमचा काटा १७ च्या वर जाऊन थरथरत होता. बॅटरीचं पाणी उकळवायचंच असेल तर उत्तम यंत्र.

तेव्हा जुनाच साफ केला. रेग्युलेटरचे कॉन्टॅक्ट कठीण धातूचे, त्यांना बारीक कार्बोरंडमचा दगड चालतो. कटआउटचे मऊ, त्यांना दगड किंवा एमरी लावायची नाही, काचपेपरची पट्टी दोन कॉन्टॅक्टमध्ये धरून अलगद ओढायची आणि मग स्पिरिटनं पुसायचं. आकडा १६.२ वर आणला, तिथे तो राहिलाय.

अकोटा–दांडिया बाजार पुलावर, बरोबर त्या सोलर पॅनलच्या सावलीत, गाडी एकदा शांतपणे बंद पडली. त्याचं कारण नवा रोटर, म्हणजे डिस्ट्रिब्यूटरमध्ये फिरत ठिणगी एकेका प्लगकडे पाठवणारा तुकडा. पितळी पट्टी ज्या रिव्हेटनं धरलेली होती ती इतकी खोल गेली होती की खालच्या शाफ्टपर्यंत प्लॅस्टिक नावापुरतं उरलं होतं. ठिणगी प्लगकडे जायच्याऐवजी शाफ्टमध्ये. तपासायला सोपं. डिस्ट्रिब्यूटरचं झाकण काढा, कॉइलची जाड वायर इन्सुलेटेड पक्कडीनं रोटरच्या पितळापासून थोडी वर धरा, दुसऱ्याला स्टार्टर मारायला सांगा. ठिणगी उडाली तर रोटर गेला. चांगल्या रोटरवर सततची ठिणगी उडायला जागाच नसते. आता बिनरिव्हेटचा घातलाय आणि मामंजींचा जुना डॅशबोर्डच्या कप्प्यात.

सध्या फ्लॅशरशी झुंज चालू आहे. जुन्या पद्धतीचा, आतली तार तापून उघड-मिट करणारा, त्याची चाल दिव्यांच्या करंटवर ठरते. २१ वॅटचे दोन बल्ब म्हणजे साडेतीन अँपिअर, तेवढे मिळाले तर तो ठेक्यात चालतो. नवा आणला तो डावीकडे बरोबर, उजवीकडे घाईत. करंट मोजला, उजवीकडे जास्तच आहे, ३.९. बल्बावर २१ छापलंय, पण बहुतेक छाप्यावर विश्वास ठेवण्यात अर्थ नाही. उद्या खंडेराव मार्केटकडे जातेच आहे, येताना दुसऱ्या कंपनीचे चार बल्ब आणते आणि चारही मीटरवर लावून बघते.